पाणचक्की ते पैठण गेट: जुनं औरंगाबाद पायी बघायचं तर

बावन्न दरवाजांचं शहर म्हटलं की पाहुणे दरवाजे मोजायला निघतात आणि अकरा वाजेपर्यंत थकून जातात. मोजण्यासारखं आता फारसं उरलेलंही नाही. चार मुख्य दरवाजांपैकी दिल्ली, पैठण आणि मकाई उभे आहेत. जालना दरवाजा कधीच गेला. त्यापेक्षा पाणी धरून चालावं. ते कसं आणलं ते आधी बघायचं आणि मग पेठांत उतरायचं. पाणचक्कीपासून भडकल गेट, जुना बाजार, सिटी चौक, सराफा, शहागंज, तिथून मागे फिरून गुलमंडी आणि शेवटी पैठण गेट. चालणं चार-पाच किलोमीटरचं आहे, पण दिवस जातो.

वेळ चुकली तर अर्धं शहर बंद दिसतं. जुन्या पेठेतली दुकानं साडेदहा-अकराशिवाय धड उघडत नाहीत, म्हणून सकाळ पाण्याला आणि दरवाजांना द्यावी. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी सिटी चौक-शहागंज भागातली बरीच शटरं खाली असतात. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गुलमंडीत पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा खरेदी होईल, बघणं होणार नाही. मे महिन्यात तर हा बेतच करू नये.

पाणचक्की खाम नदीच्या काठी, बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात आहे. १७४४ सालची. लोक हौदाजवळ फोटो काढून निघून जातात. खरं बघायचं ते चक्कीच्या खोलीत. जात्याखाली पात्यांचं आडवं चाक आहे, धार त्या पात्यांवर पडते आणि जात्याचा वरचा दगड चाकाच्याच दांड्यावर थेट फिरतो. मधे दाते नाहीत, पट्टा नाही. त्यामुळे मोडण्यासारखं फार काही नाही, पण धार बारीक झाली की दळणच थांबतं. उन्हाळ्यात म्हणूनच निराशा होते. पावसाळा संपल्यापासून जानेवारीपर्यंत जावं. हौदाच्या खाली दालन आहे, त्याचं छत म्हणजेच हौदाचा तळ. दुपारीही तिथे गारवा असतो.

हे पाणी उत्तरेकडच्या डोंगरातून काही किलोमीटर जमिनीखालून येतं. या तऱ्हेचं काम इथे आधी अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने केलं. १६१० च्या सुमारास त्याने खडकी हे गाव, म्हणजे पुढचं औरंगाबाद, निजामशाहीची राजधानी केलं आणि पुढच्या काही वर्षांत नहर-ए-अंबरी खोदली. वरच्या भागात भुयार, त्यात झिरपून पाणी गोळा होतं. पुढे खापराचे नळ, वरून चुन्याचा गिलावा. सगळं उतारावर, कुठेही उपसा नाही. वाटेत मधूनमधून दगडी मनोरे दिसतात, ते दीपमाळा समजू नका. नळातून वाहताना पाण्याबरोबर हवा कोंडते. ती सुटली नाही तर प्रवाह अडतो, आणि दाब वाढला की खापराचे सांधे फुटतात. मनोऱ्यात पाणी वर चढतं, हवा मोकळी होते, गाळ तळाशी बसतो आणि पाणी दुसऱ्या नळाने खाली उतरून पुढे जातं. अशा नहरी खराब होतात त्या बहुतेक तीन कारणांनी: भुयारावर ठेवलेल्या हवेच्या विहिरींवर बांधकाम होतं, वडा-पिंपळाच्या मुळ्या नळात शिरतात, आणि शेजारच्या बोअरने झरा तोडला जातो. पेठेत लोटा कारंजासारखी नावं दिसली की तिथे कधीकाळी पाण्याची सोय होती असं धरून चाला.

भडकल गेट त्याच मलिक अंबरचं. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये उभारलेलं. शहराचा कोट औरंगजेबाने १६८२ मध्ये बांधला, म्हणजे हा दरवाजा कोटाच्या आधीचा आहे आणि म्हणूनच बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसतो. आत उभं राहून वर बघा, कमानींच्या कडा छताला जाऊन मिळतात ते बांधकाम सुरेख आहे. समोर बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिलला इथे मोठी गर्दी असते.

जुन्या बाजारातून सिटी चौकाकडे निघालात की पाट्यांकडे लक्ष द्या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथला कारभार हैदराबादच्या निजामाचा, दफ्तर उर्दूतलं. त्यामुळे खरोखर जुनं दुकान असेल तर आतल्या चौकटीत, गल्ल्यामागे, उर्दू परवाना किंवा खरेदीखत लटकलेलं सापडू शकतं. त्यावरचं साल तेराशे-काहीतरी दिसलं म्हणून सातशे वर्षांपूर्वीचं समजू नका. ते बहुधा फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेचं साल. त्यात ५९० मिळवा: फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. वर्ष ऑक्टोबरात बदलायचं, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक धरावा. दर्शनी भागावरून वय ओळखायचं तर शटर सोडून उंबरा बघा. एकेक सरकवून काढायच्या फळ्यांची खाच लाकडात असेल, बाहेर ओटा असेल, वर सागवानी माडी असेल, तर दुकान बऱ्यापैकी जुनं. नवा रंग आणि 'स्थापना' लिहिलेला फलक हा पुरावा नव्हे.

शहागंजचा घंटाघर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तो वाटेतच लागतो, पाच मिनिटं पुरे. त्या भागात भूक लागली तर नान-खलिया, म्हणजे नान आणि मांसाचा रस्सा. इथलं नान हॉटेलातल्या तंदूरच्या नानसारखं नसतं. जाड, सोनेरी, किंचित गोडसर, आणि खलियाच्या पातळ रश्श्यात कुस्करलं तरी लगदा होत नाही. संध्याकाळी गरम मिळतं. सकाळचं उरलेलं वातड होतं, ते घरी नेऊ नये.

आता हिमरू, म्हणजे इथलं सूत-रेशमाचं नक्षीदार कापड. चार ठिकाणी हिमरू म्हणून यंत्रमागावरची शाल विकली जाते, तेव्हा आधी उलटी बाजू मागायची. "चाचा, जरा उल्टी बाजू दिखाओ ना," एवढं म्हटलं की दुकानदाराला कळतं की गिऱ्हाईक नुसतं फिरायला आलेलं नाही. हिमरूत ताणा (उभे धागे) सुती असतो आणि नक्षी रेशमाच्या जादा बाण्याने (आडव्या धाग्याने) काढतात. नक्षी नसेल तिथे तो धागा मागे सुटा लोंबत जातो. या सुट्या धाग्यांच्या थरामुळेच कापड मऊ आणि उबदार लागतं. मागची बाजू पुढच्यासारखीच सपाट, किंवा धागे कापून साफ केलेली असेल तर विचारायला हवं. रेशीम खरं की नाही हे दशीचा एक धागा जाळून कळतं. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर रेशीम. कागदासारखा जळला तर रेयॉन. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर. आज बरंच हिमरू रेयॉनचंच असतं. त्यात फसवणूक नाही, फक्त भाव रेशमाचा देऊ नये. मागचे सुटे धागे अंगठीत, बांगडीत अडकतात आणि एक ओढला गेला की पुढची नक्षी चुणते. म्हणून कोटाला, शेरवानीला अस्तर लागतंच. शाल असेल तर सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि दोन-चार महिन्यांनी घडी बदला. घरी धुऊ नका.

मश्रू वेगळं. त्यात ताणा रेशमाचा, बाणा सुती. रेशीम वर दिसतं आणि अंगाला सूत लागतं. नावं उलटसुलट सांगणारे विक्रेते बरेच आहेत.

गुलमंडीला आलात की सुपारी हनुमानाचं दर्शन घ्या आणि कासारी बाजारात शिरा. माझ्या मते दिवसातलं सगळ्यात वाचण्याजोगं ठिकाण हेच. तांब्या-पितळेची भांडी वजनावर जातात. नव्याचा भाव वेगळा, मोडीचा वेगळा. मोडीत आलेली जुनी घागर हातात घेऊन आडवी फिरवा. पोटावर दातेरी रेघ दिसली तर ती पत्र्याचे तुकडे एकमेकांत अडकवून, डाग देऊन जोडलेली. ठोक्यांच्या खुणा एकसारख्या नसतात, कडेला पत्रा जाड लागतो. यंत्रावर काढलेल्या घागरीला सांधा नसतो आणि आत बारीक गोल रेषा दिसतात. मग गळ्याखाली बघा. ठिपक्यांनी कोरलेलं नाव, गाव, कधी साल. लग्नात दिलेल्या भांड्यांवर हे हमखास असतं, आणि कुठल्या घरातून काय मोडीत आलं ते त्यावरून कळतं.

जुनं भांडं स्वयंपाकाला घेणार असाल तर आत पाणी भरून अर्धा तास ठेवा, गळती सांध्याच्या रेघेलाच असते. नंतर कल्हई. भांडं तापवून नवसागर टाकतात, कथील लावून कापसाने फिरवतात. चांगली कल्हई आरशासारखी चमकण्यापेक्षा सगळीकडे सारखी पसरलेली असावी. काळपट डाग राहिले म्हणजे भांडं नीट घासलेलं नव्हतं. कल्हई केलेलं भांडं चुलीवर कोरडं तापवू नका. कथील २३२ अंशांनाच वितळतं, फोडणीच्या आधी रिकामं तापत ठेवलं की तळाला गोळा होतं. चिंच, टोमॅटो, ताक यांना तर कल्हईशिवाय पितळ वापरूच नये.

रविवार असेल तर जाफर गेटचा आठवडी बाजार जोडता येतो, पण तो वेगळा अर्धा दिवस धरा. गुलमंडीहून पैठण गेटपर्यंत टिळक पथ सरळ आहे, पायी दहा-बारा मिनिटं. घागर-परात घेतली असेल तर रिक्षा कासारी बाजारात बोलावू नका, तिथे ती अडकते आणि भाडंही चढं सांगतात. भांडी दुकानदाराकडे बांधून ठेवायला सांगा, पैठण गेटपाशी रिक्षा ठरवा आणि मग माणूस पाठवून भांडी मागवा. बहुतेक दुकानांत हमाल मिळतो.