मूत्राशयातला खडा आणि त्यामागचं कारण : माझा अनुभव

लघवीची धार मध्येच तुटायची. सुरुवात व्यवस्थित व्हायची आणि मग नळ बंद केल्यासारखी ती एकदम थांबायची. जरा पुढे वाकलं, किंवा थोडा वेळ आडवं पडून पुन्हा उठलं, की परत सुरू. शेवटच्या थेंबांना आग व्हायची. दुखायचं ते ओटीपोटात कमी आणि लिंगाच्या टोकाशी जास्त. एके दिवशी शेवटी शेवटी लघवी लालसर झाली आणि मी बायकोला घेऊन युरॉलॉजिस्टकडे गेलो.

साठी उलटल्यावर रात्री दोन-तीनदा उठावं लागणं वयाच्या खात्यात टाकता येतं. धार तुटणं आणि रक्त जाणं तसं टाकता येत नाही. लघवीतलं रक्त खड्यामुळे असेल, जंतुसंसर्गामुळे असेल, पण ते कर्करोगाचंही लक्षण असू शकतं. दुखत नाही म्हणून ते किरकोळ ठरत नाही.

सोनोग्राफी दोनदा झाली. आधी भरपूर पाणी पिऊन मूत्राशय भरल्यावर, मग लघवी करून आल्यावर. स्क्रीनवर एक पांढरा ठिपका होता आणि त्याच्या मागे काळी सावली. डॉक्टरांनी मला कुशीवर वळायला सांगितलं, आणि मी वळलो तसा तो ठिपकाही घरंगळत खालच्या बाजूला गेला. गाठ असती तर ती जागेवरच राहिली असती, हा हलतोय म्हणजे खडा, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. धार का तुटते तेही मला तेव्हाच कळलं. उभं राहिलं की खडा मूत्राशयाच्या तोंडाशी येऊन बसतो, आडवं पडलं की मागे सरकतो.

रिपोर्टमध्ये तीन आकडे होते. खडा 2.6 सेंटिमीटर, प्रोस्टेट 60 ग्रॅम, आणि लघवी करून आल्यावरही मूत्राशयात उरलेली लघवी 150 मिली. मी पहिला आकडा धरून बसलो होतो. डॉक्टरांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. “काका, खडा मी काढून देईन, ते अवघड नाही. पण हे दीडशे मिली का उरतंय ते आधी बघू. ते तसंच राहिलं तर तुम्ही दुसरा खडा घेऊन याल.”

पुढचं सगळं या एका वाक्याभोवती फिरलं, आणि मला जे सांगायचंय तेही हेच आहे. मूत्रपिंडातला खडा आणि मूत्राशयातला खडा यांचं मूळ बहुतेक वेळा वेगळं असतं. मूत्रपिंडातला छोटा खडा कधी कधी खाली उतरून मूत्राशयात येतो, पण वाट मोकळी असेल तर तो सहसा लघवीबरोबर निघून जातो. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात खडा तयार होतो तो बहुतेकदा मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही म्हणून. उरलेली लघवी घट्ट होते, तिच्यातले क्षार स्फटिक होऊन बसतात आणि थरावर थर चढत जातात. पुरुषांमध्ये याचं नेहमीचं कारण वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी. ही ग्रंथी मूत्रमार्गाला वेढून असते, त्यामुळे ती वाढली की वाट आवळली जाते. तरुणपणी तिचं वजन साधारण 20 ग्रॅम असतं. माझी तिप्पट झाली होती.

कारणं आणखीही असतात. मूत्रमार्ग आकसलेला असणं, मणक्याच्या दुखापतीनंतर मूत्राशयाच्या नसा काम न करणं, बरेच दिवस कॅथेटर म्हणजे लघवीची नळी असणं, वारंवार होणारा संसर्ग. बायकांमध्ये हा खडा कमी आढळतो, पण जुन्या ऑपरेशनचा टाका किंवा जाळी मूत्राशयात आली तर तिच्यावरही खडा धरतो. मूत्रपिंडाच्या ऑपरेशननंतर आत ठेवलेला डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयापर्यंत घातलेली बारीक नळी, ठरलेल्या वेळी काढला नाही, तर त्याच्यावरही खडे चढतात. ज्यांच्या घरात कुणाला स्टेंट घातलाय त्यांनी तो काढायची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

मग तपासण्या. युरोफ्लोमध्ये यंत्र लावलेल्या भांड्यात लघवी करायची असते, आणि धारेचा वेग आलेखात उमटतो. सेकंदाला 15 मिलीच्या वर वेग असला तर ठीक मानतात, 10 च्या खाली असला तर अडथळ्याची शंका घेतात. माझा 8 आला. एक्स-रेमध्ये खडा जेमतेम दिसत होता. यूरिक ॲसिडचे खडे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत, म्हणून सीटी स्कॅन केला. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडले, तेव्हा आधी अँटिबायोटिकचा कोर्स आणि नंतरच ऑपरेशन, असं ठरलं. दूषित लघवी असताना आत दुर्बीण घातली तर जंतू रक्तात पसरण्याचा धोका असतो. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणीसुद्धा संसर्ग उतरल्यावरच केली, कारण संसर्गात तो आकडा उगाच वाढलेला दिसतो. या थांबण्याने बायको अस्वस्थ झाली होती. मला मात्र डॉक्टर घाई करत नाहीत याचाच आधार वाटला.

‘खडा विरघळवणारं औषध घ्या’ असा सल्ला भेटेल तो देत होता. मी डॉक्टरांना सरळ विचारलं. शुद्ध यूरिक ॲसिडचा खडा लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने विरघळू शकतो, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात, आणि त्यावर कॅल्शियमचा थर असेल तर औषध आत पोचतच नाही. बाकीच्या खड्यांवर त्याचा उपयोग नाही. बाहेरून लहरी सोडून खडा फोडण्याची पद्धत मूत्रपिंडासाठी चांगली आहे, पण इथे वाटच अडलेली, तुकडे बाहेर येणार कुठून? खडा फारच मोठा असेल तर ओटीपोटावर छेद घेऊन काढतात. माझ्या आकाराला मूत्रमार्गातून दुर्बीण घालून लेझरने फोडणं योग्य होतं, आणि त्याच भुलेत प्रोस्टेटचा अडवणारा भाग आतून काढायचा, म्हणजे टीयूआरपी.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी एक गोष्ट आम्हा दोघांना समोर बसवून सांगितली. टीयूआरपीनंतर बऱ्याच पुरुषांमध्ये वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि पुढच्या लघवीबरोबर निघून जातं. त्याने तब्येतीला अपाय नाही, पण मूल हवं असलेल्याने हे माहीत असूनच सही करावी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची तेही आधी विचारून घ्यायचं असतं, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

मणक्यात इंजेक्शन देऊन कंबरेखाली भूल दिली. मी जागा होतो आणि मॉनिटर मला दिसत होता. पिवळट, खडबडीत खडा, आणि त्याच्यावर लेझरच्या बारीक तारेचं टोक. टोक टेकलं की धुरळा उडायचा, वाहत्या सलाईनबरोबर निघून जायचा, आणि खड्यावर एक नवा खळगा दिसायचा. आतला गाभा गडद होता, त्याच्याभोवती झाडाच्या खोडात असतात तशी वलयं. ही वलयं माझ्या शरीरात गुपचूप चढत होती, हे पाहताना घशाशी काहीतरी आलं. सुश्रुताने खालून छेद घेऊन अश्मरी म्हणजे मूत्राशयातला खडा काढण्याची कृती सांगितली आहे. पॅरिसमध्ये 1824 साली सिव्हिआल या फ्रेंच शल्यविशारदांनी छेद न घेता मूत्रमार्गातूनच खडा फोडून दाखवला, तोही भूल देण्याची सोय यायच्या आधी. त्या काळच्या रोग्यांनी काय सोसलं असेल याचा विचार त्या टेबलावर मनातून जाईना.

नंतरचे दिवस कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा तपशिलात सांगतो. तीन तोंडांचा कॅथेटर असतो. एका तोंडाने सलाईन आत जातं, दुसऱ्याने लघवी बाहेर येते, तिसरं आतला फुगा फुगवायला. सलाईन सतत चालू ठेवतात ते रक्ताच्या गाठी धरून नळी तुंबू नये म्हणून. पिशवीतला रंग आधी लाल, मग गुलाबी, मग फिकट होत गेला. मला त्रास जखमेचा झाला नाही, तो झाला मूत्राशयाच्या कळांचा. नळी आत असूनही जोराची लघवी लागल्यासारखं होतं आणि कुंथावंसं वाटतं. कुंथायचं नाही. नर्सला सांगायचं, त्यावर औषध असतं.

कॅथेटर काढल्यावर पहिली लघवी झोंबली, पण धार सलग आली. बायको दाराबाहेर उभी होती. “झाली का हो?” “झाली, न थांबता झाली.” तिला रडू फुटलं.

घरी आल्यावर काही आठवडे घाई व्हायची, थोडी आग व्हायची. साधारण दोन आठवड्यांनी आतली खपली सुटते आणि पुन्हा थोडं रक्त जातं. हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे आम्ही घाबरलो नाही, भरपूर पाणी प्यायलो आणि ते थांबलं. पण गाठी जायला लागल्या, लघवी बंदच झाली किंवा थंडी वाजून ताप आला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. जड उचलायचं नाही आणि पोट साफ ठेवायचं, कारण कुंथण्याने आतली जखम पुन्हा वाहू लागते.

खड्याचे तुकडे तपासणीला पाठवले होते. यूरिक ॲसिडचा गाभा, वरून कॅल्शियम ऑक्झलेट. प्रोस्टेटच्या तुकड्यांच्या रिपोर्टमध्ये कर्करोग नव्हता. पुढच्या सोनोग्राफीत उरलेली लघवी 20 मिली भरली आणि युरोफ्लोचा वेग 19 वर गेला. आता खड्यासाठी वेगळं औषध चालू नाही. दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी पितो. पीएसएची तपासणी मात्र ठरलेल्या वेळी चालूच आहे, कारण टीयूआरपीत ग्रंथीचा आतला भाग निघतो, बाहेरचा तिथेच राहतो, आणि कर्करोग बहुतेकदा त्या बाहेरच्या भागात होतो.