कोरड्या काचेवर फिरणारा वायपर

भर दुपारी, आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना, वायपर कर्रकर्र करत कोरड्या काचेवरून फिरला. दोन मिनिटांनी परत. मग गाडी एका खड्ड्यात आदळली आणि हेडलाइट लागले. दोन्ही स्विच 'ऑटो'वर होते, त्यामुळे माझा हात लागला असेल हीही शंका नव्हती. आठवड्यापूर्वीच तडा गेलेली पुढची काच बदलून घेतली होती. संशय घ्यायला एवढं पुरेसं होतं.

काच बसवून देणाऱ्यांनी निकाल उभ्या उभ्या दिला. "सेन्सर गेलाय ताई. पाऊस आणि उजेड दोन्ही एकाच डबीत असतं, डबीच बदला." ऐकायला पटण्यासारखं होतं, आणि मी ऑर्डर देणारही होते. पण एक गोष्ट खटकत होती. वायपरचं वेड फक्त उन्हात गाडी तापल्यावर यायचं, सकाळी कधीच नाही. हेडलाइट मात्र सकाळ-संध्याकाळ न बघता, धक्का बसला की लागायचे. डबी एक असली तरी दुखणी दोन दिसत होती.

आधी स्कॅनर लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. 'लाइट सेन्सरशी संपर्क तुटला' असा एक कोड साठलेला होता, पण त्या क्षणी चालू नव्हता. कोड पुसला, गाडी खडबडीत रस्त्यावरून फिरवून आणली, कोड पुन्हा हजर. अशा कोडवरून बोलणं तुटलं एवढंच कळतं. बोलणारा मेला की तार सैल झाली, ते आपणच शोधायचं. आणि संपर्क तुटला की बऱ्याच गाड्या अंधार आहे असं धरून दिवे लावतात, कारण रात्री दिवे न लागण्यापेक्षा दुपारी लागलेले परवडतात. म्हणजे हेडलाइट बरोबरच वागत होते!

आरशामागचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. (क्लिपा थंडीत कडक होऊन तुटतात, गाडी जराशी कोमट असलेली बरी.) आत काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिला तीन तारांचा प्लग: बारा व्होल्ट, अर्थ आणि गाडीच्या कंट्रोल युनिटशी बोलणारी लिनची (LIN, संदेश पाठवण्याची) तार. प्लगच्या मागून मल्टिमीटरची सुई लावली. सप्लाय ठीक, अर्थ ठीक, लिनवरचा आकडा बॅटरीपेक्षा थोडा कमी आणि सतत हलता, म्हणजे त्या तारेवर हालचाल चालू होती. प्लगपर्यंत सगळं नीट पोचत होतं. मग मीटर बाजूला ठेवला आणि प्लग दोन बोटांनी हळूच डावीकडे दाबला. हेडलाइट लागले. सोडला, थोड्या वेळाने विझले. मी हा खेळ गरजेपेक्षा तीन-चार वेळा जास्त केला.

कव्हर बसवताना तारांचा जुडगा खाली चेपला गेला होता आणि प्लगला तिरका ताण बसत होता. एका पिनची पकड त्यामुळे सैल झाली होती. इग्निशन बंद करून प्लग काढला, बारीक सुईने ती पिन किंचित आवळली, तारा मोकळ्या करून मूळच्या खाचेत बसवल्या. दहा मिनिटांचं काम.

वायपरने जास्त पिडलं. ही डबी पाऊस मोजते तो काचेतूनच. आतून इन्फ्रारेड प्रकाश साधारण ४५ अंशांत काचेत सोडलेला असतो. बाहेर हवा असेल तर ४२ अंशांच्या पुढचा प्रकाश काचेबाहेर पडूच शकत नाही, सगळा परत आत येतो. थेंब बसला की तेवढ्या जागेतून तो पाण्यात निसटतो आणि परत येणारा उजेड घटतो. घट दिसली की वायपर. मात्र डबी आणि काच यांच्यामध्ये हवा अजिबात चालत नाही, म्हणून तिथे पारदर्शक सिलिकॉन जेलचा पातळ पॅड असतो.

मी गाडीबाहेर जाऊन टॉर्च मारला. काळ्याभोर चौकटीत एक चांदीसारखा चमकणारा डाग, मसूरडाळीएवढा. हवेचा बुडबुडा. जुन्या काचेवरचा पॅड सोलून तोच नव्या काचेला चिकटवला होता, कडेला धुळीचे कणसुद्धा दिसत होते. ऊन लागलं की बुडबुडा फुगायचा, परतणारा प्रकाश कमी व्हायचा, डबीला वाटायचं पाऊस आला.

इथे मीही कंजूषपणा केला. पॅड उचलून तसाच दाबून बसवला. दोन दिवस शांततेत गेले, तिसऱ्या दुपारी कर्रकर्र. मग मुकाट्याने नवा पॅड आणला. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकवली. पॅडला बोट लागू न देता आधी तो डबीवर घेतला, मग डबी एका कडेने टेकवत, हवा पुढे ढकलत काचेवर दाबली आणि दोन्ही क्लिपा 'टक्' होईपर्यंत लावल्या. बाहेरून टॉर्च: सलग काळं, एकही चमक नाही.

चाचणीसाठी फवाऱ्याच्या बाटलीने सेन्सरसमोर पाणी मारलं. दोन-चार थेंबांना एकच फेरी, धार धरली की जोरात. उन्हात तीन तास उभी ठेवून पुन्हा पाहिलं, गप्प.

आता पाऊस थांबल्यावरही एक फेरी जास्त होते. दोष सेन्सरचा नाही: वायपरचं रबर झिजलंय आणि नेमकं सेन्सरसमोरून जाताना पाण्याची रेघ मागे ठेवतंय. नवी रबरं आणलीत, रविवारी बसवीन.