पर्किन्सचं नाव मी का घेते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. शिवाजीनगरला संध्याकाळी मी मुलींचा बास्केटबॉलचा सराव घेते. तिथे दरवर्षी एखादी नवी मुलगी विचारतेच, "ताई, लेकर्स-सेल्टिक्स म्हटलं की सगळे कोबी कोबी करतात. तुम्ही त्या पर्किन्सचंच नाव का घेता, सांगा न!" लेकर्स आणि सेल्टिक्स हे अमेरिकेतले दोन बास्केटबॉल संघ. कोबी ब्रायंट हा लेकर्सचा मोठा तारा, तर केंड्रिक पर्किन्स सेल्टिक्सचा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच खेळाडू. आता तर मुलींचे आईवडीलही विचारायला लागलेत.

शाळेत सगळ्यांत उंच मी, म्हणून सरांनी रिंगखाली उभं केलं, ती पुढची बारा वर्षं मी तिथेच खेळले. लांबून शॉट मारणारीला रिंग दिसते. सेंटरला आधी समोरचीचं वजन कळतं. चेंडू हवेत गेला की तो बघायचाच नाही. वळायचं, गुडघे वाकवायचे, कंबर तिच्या मांडीला टेकवायची आणि ती जागा सोडायची नाही. ती ढकलते, तेव्हा पाठीला नेमकं कळतं की डावीकडून येणार की उजवीकडून. दोनेक फूट जमिनीसाठी अख्खा सामना असा चाललेला असतो. टीव्हीवर तो फारसा दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो.

लॉस एंजेलिसचे लेकर्स आणि बोस्टनचे सेल्टिक्स हे एनबीएतलं, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमधलं, सगळ्यांत गाजलेलं वैर. 2008च्या फायनलला दोघं पुन्हा समोरासमोर आले. लेकर्सचा धिप्पाड सेंटर अँड्र्यू बायनम गुडघ्याच्या दुखापतीने जानेवारीपासूनच बाहेर होता. त्यामुळे पाऊ गॅसोलला सेंटर खेळावं लागलं. गॅसोलचे हात फार सुरेख, पण समोर केंड्रिक पर्किन्स नावाची भिंत आणि शेजारी केव्हिन गार्नेट. बोस्टनने मालिका 4-2 जिंकली. शेवटचा सामना 131-92 असा, त्यात एकट्या गार्नेटचे 26 गुण आणि 14 रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू. गॅसोल मऊ आहे, असं जो तो म्हणू लागला. मला ते फार लागलं. आपल्यापेक्षा जड माणसाला रात्रभर पाठीवर घेणं काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

2010ला तेच दोन संघ, पण या वेळी बायनम होता. त्याचा गुडघा दुखावलेलाच होता, तरी पर्किन्सला धरायला कुणीतरी आलं आणि गॅसोल मोकळा झाला. मालिका 3-3 पर्यंत गेली. सहाव्या सामन्यात रिंगखाली पडून पर्किन्सच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले.

सातवा सामना आपल्याकडे 18 जूनच्या सकाळी साडेसहाला लागला. घरात कूलरचा आवाज इतका, की मी टीव्हीसमोर जमिनीवरच बसले होते. कोबीच्या हाताला त्या दिवशी काही लागत नव्हतं, 24 पैकी 6च शॉट रिंगमध्ये गेले. अख्ख्या लेकर्सचे तीनातले दोन शॉट हुकत होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये बोस्टन 13 गुणांनी पुढे होतं. असा संघ हरायलाच हवा की नाही? पण लेकर्सनी स्वतःचे हुकलेले 23 चेंडू परत आपल्याच हातात घेतले, त्यातले नऊ गॅसोलने. गॅसोलचे एकूण रिबाउंड 18 आणि गार्नेटचे 3. पर्किन्सच्या जागी रशीद वॉलेस मनापासून खेळला, पण पस्तिशीतले पाय शेवटी दमले. लेकर्स 83-79 ने जिंकले. सेंटरच्या जागेवरचा एक माणूस उठला आणि शेजारच्या प्रत्येकाचं काम बदललं. गार्नेटला आता जड माणसं अडवायची होती, रिबाउंडला उडी कधी मारणार? म्हणून मी पर्किन्सचं नाव घेते. त्या सामन्यात तो खेळलाच नाही, तरी माझ्या लेखी तो सामना त्याचाच.

आणि हे काही त्या दोन वर्षांपुरतं नाही. 1985च्या फायनलपर्यंत लेकर्स आठ वेळा बोस्टनसमोर आले होते आणि आठही वेळा हरले होते. त्या वर्षीही पहिलाच सामना ते 148-114 ने हरले. लेकर्सचा सेंटर, 38 वर्षांच्या करीम अब्दुल-जब्बारचे 12 गुण, 3 रिबाउंड. समोर बोस्टनचा सेंटर रॉबर्ट पॅरिश नुसता पळत सुटलेला. तीन दिवसांनी त्याच करीमने 30 गुण, 17 रिबाउंड आणि 8 असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, दिले आणि लेकर्स मालिका 4-2 जिंकले. लेकर्सचा मॅजिक जॉन्सन आणि बोस्टनचा लॅरी बर्ड यांच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. त्या वर्षीचं वळण मला मात्र करीम आणि पॅरिशमध्ये दिसतं.

यंदा हा प्रश्न आमच्या सगळ्यांत चपळ गार्डने, म्हणजे रिंगपासून लांब राहून चेंडू खेळवणारीने, विचारला. मी तिला रिंगखाली उभं केलं, मागे आमची सेंटर, आणि दहा शॉट मुद्दाम रिंगवर आपटले. तिला एकच चेंडू मिळाला. ती काही बोलली नाही, मांडी चोळत पाणी प्यायला गेली. परत आली ती थेट सेंटरकडे, आणि म्हणाली, "पाय कुठे ठेवतेस, दाखव न एकदा."