२३ जून, हंबर बे

आज ऑफिसातून लवकर निघून हंबर बे पार्कला गेले. 'कनिष्क'च्या स्मारकापाशी; एअर इंडियाचं ते विमान बॉम्बस्फोटात आयर्लंडजवळच्या समुद्रात कोसळलं होतं. टोरंटोत अकरा वर्षं राहते, पण या तारखेला इथे पहिल्यांदाच आले.

भिंतीवरची नावं वाचत गेले. एकाच आडनावाची तीन-तीन, चार-चार नावं आली की पाय तिथेच थबकायचे. अख्खी घरंच्या घरं गेली. सुट्टीत आजी-आजोबांकडे निघालेली पोरं होती ती!

१९८५ साली ३२९ माणसं गेली, त्यातली २६८ कॅनडाची नागरिक. तरी इथल्या पंतप्रधानांनी, मलरोनींनी, सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना. स्वतःचीच माणसं गेली होती हो! ही गोष्ट मला आधी माहीत होती, पण त्या नावांसमोर उभं राहून आठवली तेव्हा घसा दाटून आला.

माफी मागितली ती नंतरचे पंतप्रधान हार्पर यांनी, २०१० मध्ये, याच स्मारकापाशी. पंचवीस वर्षांनी. तोवर कितीतरी आईवडील वाट बघून गेले असतील. आयर्लंडच्या अहाकिस्ता गावात मात्र वर्षभरातच स्मारक उभं राहिलं होतं.

निघताना एक आजी एका नावावरून हळूच बोट फिरवत होत्या. मी शेजारी नुसती उभी राहिले.