शाळेच्या ऑफिसातल्या खुर्चीत बसून सॉफ्टवेअर निवडलं, त्याबद्दल

गेले पंधरा महिने माझ्या डोक्यात हा एकच विषय आहे, घरच्यांना तर ऐकून ऐकून पाठ झालाय, म्हणून आता इथे लिहून काढते. मी न्यू जर्सीतल्या एका छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये डेटाचं काम बघते. पाच शाळा, तीन हजारांच्या आसपास मुलं. या मुलांची नावं, पत्ते, हजेरी, मार्क, टाइमटेबल, लसी, शाळा सुटल्यावर कोण न्यायला येणार, हे सगळं ज्या एका सॉफ्टवेअरमध्ये असतं तेच आम्ही बदलायला घेतलं. इकडे त्याला एसआयएस म्हणतात, म्हणजे स्टुडंट इन्फर्मेशन सिस्टीम. तिकडच्या वाचकांसाठी एवढंच सांगते की इथलं डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नाही, एका गावाचं किंवा दोन-चार गावांचं मिळून शाळांचं वेगळं मंडळ असतं, त्याचं बोर्ड वेगळं, बजेट वेगळं. न्यू जर्सीसारख्या लहानशा राज्यात अशी पाचशेहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत आणि प्रत्येक डिस्ट्रिक्ट आपापलं सॉफ्टवेअर निवडतं.

बाजारात नावं बरीच आहेत, पॉवरस्कूल, इन्फिनिट कॅम्पस, स्कायवर्ड, आमच्या राज्यात जेनेसिस आणि रिअलटाइमसुद्धा. आम्ही कोणतं सोडलं आणि कोणतं घेतलं ते सांगणार नाही, कारण आमचं जे झालं तेच तुमच्याकडे होईल असं नाही. पण निवडलं कसं ते सांगते.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. मोठी मीटिंग रूम, स्क्रीन, कंपनीची माणसं, समोर सुपरिंटेंडेंट म्हणजे डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाळांचे प्रमुख, बिझनेस ऑफिसचे लोक, आयटी आणि मी. डेमो बघताना सगळंच सुंदर दिसतं, कारण डेमोतल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला एक आई, एक बाबा, एक पत्ता आणि एक फोन नंबर असतो. पहिल्याच डेमोला आमच्या मिडल स्कूलच्या ऑफिसमधल्या सेक्रेटरीबाई आल्या होत्या, वीस वर्षांहून जास्त त्याच खुर्चीत बसून काम केलेली बाई. त्यांनी शांतपणे विचारलं, एक मुलगा एक आठवडा आईकडे आणि एक आठवडा वडिलांकडे राहतो, कोर्टाची ऑर्डर आहे की बुधवारी त्याला फक्त आजीच नेणार, दुपारी अडीच वाजता वडील काउंटरवर येऊन उभे राहिले तर मला हे कुठे दिसेल? समोरच्या माणसाने एक स्क्रीन उघडला, मग दुसरा, तिसरा, चौथ्यात ते सापडलं. बाई म्हणाल्या, तोवर मूल गाडीत बसलेलं असेल.

त्या दिवसापासून मी डेमो नुसते बघायचे सोडून दिले. पाचही शाळांच्या ऑफिसात प्रत्येकी दोन दिवस जाऊन बसले, नर्सच्या खोलीत बसले, मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या काउन्सेलरकडे बसले, आणि त्यांना रोज जे अवघड जातं ते लिहून काढलं. अठरा प्रसंग निघाले. मग प्रत्येक कंपनीला तेच अठरा दिले, आणि अट अशी घातली की कीबोर्ड आमच्या माणसांच्या हातात राहील, तुम्ही शेजारी बसून फक्त सांगायचं. दोन कंपन्यांना हे अजिबात आवडलं नाही, एकीने तर नकोच म्हटलं, आणि मला त्यातूनच बरंच कळलं.

इथे मला बाबांची आठवण येते. बाबा कराडजवळच्या एका हायस्कूलमध्ये क्लार्क होते, आणि त्यांच्या टेबलाच्या मागच्या कपाटात जनरल रजिस्टर असायचं. लहानपणी ते उघडून बघायचं धाडस मला झालं नाही. त्यातलं नाव किंवा जन्मतारीख बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते, उगाच कोणी खाडाखोड करू शकत नाही, कारण पुढे दाखला त्यावरूनच निघतो आणि दाखल्यावर माणसाचं अख्खं आयुष्य चालतं, नोकरी, जातीचा दाखला, पासपोर्ट. बाबा म्हणायचे, मी चुकलो तर चाळीस वर्षांनी कोणीतरी हेलपाटे घालेल. सॉफ्टवेअर निवडताना मी हेच विचारत होते की इथे एखाद्याचं नाव बदललं गेलं तर कोणी बदललं, कधी, आधी काय होतं, हे दिसतं का? एका सिस्टीममध्ये मार्कांचा असा इतिहास होता पण पत्त्याचा नव्हता. इथे मूल कोणत्या डिस्ट्रिक्टच्या शाळेत जाणार हे पत्त्यावर ठरतं, त्यावरून भांडणं होतात, त्यामुळे तो इतिहास हवाच.

आणि नावं! यावर मी वेगळी पोस्टसुद्धा लिहू शकेन. आपल्याकडच्या किती मुलांच्या भारतीय पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. तेच शाळेत चढतं, आणि मग ईशा नावाच्या मुलीला बदली शिक्षक वर्गात ईशा संदीप म्हणून हाक मारतात, सहा वर्षांची मुलगी गप्प बसते कारण तिला वाटतं दुसरीच कोणीतरी असेल. दक्षिणेकडच्या काही मुलांना आडनावच नसतं, व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू म्हणजे फर्स्ट नेम अननोन छापून येतं, आणि काही ठिकाणी तेच मुलाचं नाव म्हणून चढवतात. हे नुसतं मनाला लागण्यापुरतं नाही. न्यू जर्सी स्मार्ट नावाच्या राज्याच्या सिस्टीममध्ये प्रत्येक मुलाला दहा आकडी नंबर मिळतो, आणि एका डिस्ट्रिक्टने एक स्पेलिंग पाठवलं, दुसऱ्याने वेगळं, की एकाच मुलाचे दोन नंबर तयार होतात आणि ते जुळवत बसावं लागतं. म्हणून आमच्या अठरा प्रसंगांतला तिसरा हाच होता, कागदावरचं नाव वेगळं, हाकेचं वेगळं, शिक्षकांच्या हजेरीच्या स्क्रीनवर हाकेचं दिसलं पाहिजे आणि राज्याला कागदावरचंच गेलं पाहिजे. दोनच कंपन्यांना ते जमलं. आणि प्रत्येक नवीन मुलाच्या घरी कोणती भाषा बोलतात हे विचारायचं असतं, तर एकीच्या यादीत मराठी नव्हतीच, हिंदी, गुजराती, तेलुगू आणि मग अदर. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये मराठी घरं कमी नाहीत, मी तिथल्या तिथे सांगितलं की हे बदललं पाहिजे, भाषांचे ठरलेले कोड असतात, मराठीचा कोड आहे, तो घाला.

घाईने सिस्टीम बदलली तर काय होतं हे मी आमच्या निवड कमिटीला लॉस एंजेलिसच्या उदाहरणावरून सांगितलं. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथल्या डिस्ट्रिक्टने, म्हणजे सहा लाखांहून जास्त मुलांच्या डिस्ट्रिक्टने, मिसिस नावाची नवी सिस्टीम सगळ्या शाळांत एकदम चालू केली. अनेक मुलांना टाइमटेबल मिळालं नाही, ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे मुलाचे सगळ्या वर्षांचे विषय आणि मार्क यांची अधिकृत नोंद, चुकीच्या निघाल्या, आणि जेफरसन हायस्कूलमध्ये मुलं आठवडेच्या आठवडे चुकीच्या वर्गात किंवा शिकवणंच नसलेल्या तासांना बसून होती. ऑक्टोबरमध्ये कोर्टाला आदेश द्यावा लागला की या मुलांची टाइमटेबलं नीट करा, आणि त्याच महिन्यात सुपरिंटेंडेंट जॉन डीझींनी राजीनामा दिला, अर्थात त्यामागे आयपॅड खरेदीचा वादही होता. बारावीच्या मुलाला कॉलेजचा अर्ज त्याच शरद ऋतूत करायचा असतो, त्याला पुढच्या वर्षी दुरुस्त करू म्हणून चालत नाही. मला राहून राहून त्या मुलांचंच वाईट वाटतं.

मग डेटाचा प्रश्न. आमची निवड चालू असतानाच पॉवरस्कूलची बातमी आली. डिसेंबर २०२४ मध्ये कोणीतरी चोरलेल्या पासवर्डने त्यांच्या सपोर्ट पोर्टलमधून आत शिरलं आणि ठिकठिकाणच्या डिस्ट्रिक्टचा डेटा उचलून नेला, काही ठिकाणी सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख नंबर, आपल्या आधारसारखा) आणि वैद्यकीय माहितीसुद्धा. कंपनीने खंडणी दिली, तरी मे २०२५ मध्ये काही डिस्ट्रिक्टना पुन्हा धमक्या आल्या. कॅनडातल्या टोरांटोच्या शाळांच्या बोर्डाने तर जाहीर केलं की त्यांचा १९८५ पासूनचा डेटा त्यात असू शकतो. १९८५! म्हणजे आज पन्नाशीत असलेल्या माणसाची शाळेतली माहिती.

हे वाचून मी आमच्याच डेटाबेसच्या टेबलांमध्ये शोधलं, तर एका जुन्या रकान्यात कधीकाळी गोळा केलेले सोशल सिक्युरिटी नंबर पडून होते. आता ते कोणी वापरत नाही, कोणी मागत नाही, पण होते. नवीन सिस्टीममध्ये काय न्यायचं यापेक्षा काय न्यायचं नाही ही यादी करायला आम्हाला जास्त वेळ लागला. कायमची ट्रान्सक्रिप्ट न्यायची, लसी न्यायच्या, पण शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या मावशीचा फोन नंबर कशाला न्यायचा? फर्पा हा कायदा १९७४ चा आहे, मुलांच्या नोंदी कोणाला दाखवायच्या हे तो सांगतो, पण नको असलेलं काढून टाकायचं काम आपल्यालाच करावं लागतं. कॉन्ट्रॅक्टमध्येही आम्ही घालून घेतलं की करार संपला की सगळा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात परत द्यायचा आणि त्यांच्याकडचा पुसायचा, आणि त्यांचा सपोर्टवाला आमच्या डेटात शिरणार असेल तर आधी आम्ही दार उघडायचं, तेही ठरावीक वेळेपुरतं.

किमतीबद्दल थोडंच. इथे अशा खरेदीत प्रत्येक गोष्टीला आधीच गुण ठरवून ठेवता येतात, त्यामुळे सगळ्यात स्वस्त तेच घ्यायचं असं बंधन नव्हतं. अठरा प्रसंगांना आम्ही किमतीपेक्षा जास्त गुण ठेवले, त्यावरून बोर्डात एक संध्याकाळ वादही झाला, पण सेक्रेटरीबाई स्वतः उठून बोलल्या आणि ठराव पास झाला.

१ जुलैला बदल केला. पण त्याआधी एप्रिलपासून जुनी आणि नवी दोन्ही चालवली, अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुलाची ट्रान्सक्रिप्ट दोन्हीकडून छापून दोघादोघांनी समोरासमोर बसून ओळ न ओळ ताडून पाहिली. सव्वीस मुलांच्या क्रेडिटमध्ये, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर जमा होणाऱ्या गुणांमध्ये, फरक निघाला, बहुतेक दुसऱ्या राज्यातून आलेली मुलं. ते नीट करायला जून संपला. १५ ऑक्टोबरच्या मोजणीवर राज्याची मदत ठरते, तोही आकडा आमच्या हातच्या यादीशी जुळला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी मिडल स्कूलच्या ऑफिसात बसले होते तेव्हा पुण्याहून आलेलं एक कुटुंब आलं, हातात पासपोर्ट, लसींचं कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला. बाईंनी दाखला माझ्याकडे दिला, मी त्यांना वाचून सांगितला, त्यांनी नाव कागदावरचं वेगळं आणि हाकेचं वेगळं असं भरलं, भाषेत मराठी निवडलं, आणि मुलाकडे बघून त्याला त्याच्या हाकेच्या नावाने विचारलं की लॉकर वरचा हवा की खालचा.