तीन इंचांची भानगड

लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकच्या रिव्हरसाइड ड्राइव्हवर, बॉब्स बिग बॉय नावाच्या हॉटेलाच्या पार्किंगमध्ये दोन म्हातारे वाद घालत होते. भांडण नव्हे, आपल्याकडे तालमीच्या दारात बसून कुठली कुस्ती खरी आणि कुठली नुरा यावर जसं तासन् तास चालतं, तसलं काहीतरी. विषय होता समोर उभ्या असलेल्या 1932 च्या काळ्या फोर्ड कूपेचा, म्हणजे दोन दारांच्या बंद गाडीचा, टप. एकाचं म्हणणं, टप तीन इंच कापलाय ते अगदी बरोबर. दुसऱ्याचं म्हणणं, अडीचवर थांबायला पाहिजे होतं.

मी आणि दाजी कॉफीचे कप धरून अर्धा तास ते ऐकत उभे. अर्ध्या इंचावर अर्धा तास! आमच्या उद्यमनगरात अर्धा इंच लांबीखाली, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायच्या लुकणाखाली, दडपतात आणि वर रंग मारून गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देतात.

आमच्या आप्पांचं कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. मी पत्रा ठोकण्याच्या आवाजातच अभ्यास केला, आणि तो किती झाला हे निकालात दिसायचं. ताई लग्न होऊन लॉस एंजेलिसकडे गेली. दाजी सॉफ्टवेअरमधले, गाडीतलं त्यांना पेट्रोल कुठून भरायचं एवढंच ठाऊक. ताईकडे जायचं ठरलं तेव्हा मी मुद्दाम जानेवारीअखेरचं तिकीट काढलं, कारण त्या सुमारास जवळच्या पोमोनाला ग्रँड नॅशनल रोडस्टर शो नावाचं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन असतं. रोडस्टर म्हणजे पक्का टप नसलेली, दोन सीटची उघडी गाडी. ताईला वाटलं भावाला बहिणीची ओढ लागली. तिला अजून तसंच वाटू द्यावं, हे बरं.

बॉब्स बिग बॉय 1949 चं. दारात चौकड्याची तुमान घातलेला, डोक्याच्या उंचीवर बर्गर धरलेला गुबगुबीत पोरगा उभा आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी तिथं जुन्या गाड्या जमतात. कोणी सूत्रसंचालक नाही, स्टेज नाही. गाडी लावायची, बॉनेट उघडायचं, घडीची खुर्ची टाकून बसायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हवं ते विचारू द्यायचं.

हॉट रॉडची, म्हणजे वेगासाठी कापून-सोलून हलकी केलेल्या जुन्या गाडीची, गोष्ट मुळात गरिबाघरची आहे. 1930 च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं जुनी फोर्ड मॉडेल टी किंवा मॉडेल ए चार पैशांत उचलायची. मडगार्ड काढ, बंपर काढ, फूटबोर्ड काढ, काचेची फ्रेमसुद्धा काढ. वजन उतरलं की गाडी मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर न्यायची आणि पळवायची. 1937 मध्ये या पोरांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. ती आजही वेग मोजते. म्हणजे जी गोष्ट आता शोभा म्हणून बघितली जाते, ती आधी वजन आणि वारा यांच्या हिशेबातून आली. टप कापला कारण वाऱ्याला अंग कमी लागावं. बॉडी खाली घेतली तीही त्याचसाठी. नंतर डोळ्याला त्याची सवय झाली, आणि सवयीची आवड झाली.

आणि 1932 ला एवढं महत्त्व का? त्या वर्षी फोर्डनं स्वस्तातल्या गाडीत व्ही-एट इंजिन बसवलं. 3.6 लिटर, 65 हॉर्सपॉवर. आठही सिलिंडर आणि क्रँककेस एकाच ओतीव तुकड्यात. फौंड्रीच्या गावातून आलेल्या माणसाला हे ऐकून हात जोडावेसे वाटतात. असल्या ओतकामात त्या काळी किती माल भंगारात गेला असेल! या इंजिनाची एक खोड आहे. जळालेला गॅस बाहेर जाण्याची वाट ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जॅकेटमधूनच जाते, म्हणून ते तापतं. शुक्रवारी तिथं शिरायच्या रांगेत एक रोडस्टर वाफ सोडत उभी राहिली, तर मागच्या चारही गाड्यांतले लोक उतरून तिला ढकलायला धावले. कोणी हॉर्न वाजवला नाही. त्यांच्याही इंजिनाला ताप येतोच, म्हणून असेल.

शनिवारी पोमोना. फेअरप्लेक्स म्हणजे मोठाल्या हॉलांचं जत्रेचं मैदान. हा शो 1950 च्या सुमारास ओकलंडला सुरू झाला आणि 2004 पासून इथं भरतो. मुख्य हॉलमध्ये ‘अमेरिकेतली सर्वांत देखणी रोडस्टर’ या किताबासाठीच्या गाड्या. 1937 किंवा त्याआधीची अमेरिकन गाडी हवी, आणि ट्रॉफी नऊ फुटी. गाड्यांखाली आरसे ठेवलेले, बूडसुद्धा तोंडासारखं चकचकीत. तिथं पाऊण तासात मला कंटाळा आला. वाईट नाही, पण लग्नातल्या पैठणीसारखं; हात लावायची भीती वाटते.

खरं मन रमलं ते स्वेड पॅलेस नावाच्या हॉलमध्ये. तिथं जुन्या पद्धतीच्या, काही नुसत्या प्रायमरवरच्या, म्हणजे अस्तराच्या रंगावरच्या, गाड्या. बहुतेक गाड्यांना तेलाचा वास येत होता. इथं मी चार तास घालवले आणि दाजींनी तीन वेळा हॉटडॉग खाल्ला.

आता आवडीनिवडीचं सांगतो, कारण तिथं सगळी लढाई त्याच्यावरच. बत्तीसच्या रोडस्टरचे मडगार्ड काढून बॉडी चेसिसच्या वरच ठेवली तर ती हायबॉय. चेसिस बॉडीच्या पोटात जाईल अशा बेतानं तळ कापून, बॉडी खाली बसवून, तळ पुन्हा वर वेल्ड केला तर ते चॅनलिंग. तिथले लोक म्हणतात, पूर्व किनाऱ्यावरच्यांना चॅनल आवडतं, कॅलिफोर्नियावाल्यांना हायबॉय. मी बिनशर्त कॅलिफोर्नियाच्या बाजूनं. कारण बत्तीसच्या चेसिसच्या बाजूच्या पट्टीला स्वतःचं एक वळण आहे, त्यावर दाबून काढलेली रेघ आहे. मडगार्ड निघाल्यावर ती पट्टी बॉडीच्या खाली साडीच्या काठासारखी दिसते. चॅनल केलं की काठच आत खोचला. मॉडेल ए ची पट्टी मात्र साधी, सरळ. तिला खुशाल झाका. म्हणून तर कित्येक जण मॉडेल ए ची बॉडी उचलून बत्तीसच्या चेसिसवर ठेवतात.

टप कापणं हे त्याहून अवघड. मला वाटायचं, खांब कापले, तीन इंच काढले, टप परत ठेवला, झालं. मॉडेल ए मध्ये जवळपास तसंच आहे, कारण खांब उभे. पण पुढच्या वर्षांच्या गाड्यांत खांब वर जाताना आत कलत जातात. तीन इंच काढून टप खाली आणला की वरचे आणि खालचे तुकडे एकमेकांसमोर येतच नाहीत. मग एक तर खांब आणखी कलवायचे, नाहीतर टपाचे चार तुकडे करून मधे पत्र्याच्या पट्ट्या घालून तो मोठा करायचा. शिवाय बत्तीसच्या कूपेच्या टपात मधोमध कापडाचा तुकडा असतो. एवढा मोठा पत्रा एका दाबात काढण्याचं काम फोर्डकडे तेव्हा होत नव्हतं. तिथं पोलादी पत्रा भरताना कोणी जुन्या स्टेशन वॅगनचा टप कापून आणतो, कारण त्याला हवा तेवढा फुगवटा आयता असतो. एका गाडीच्या डोक्यावर दुसरीचं कपाळ!

याच हॉलच्या कडेला कस्टम गाड्या होत्या. ही वेगळी भावकी. हॉट रॉड उघडीवाघडी, आणि कस्टम म्हणजे जड, लांब, जमिनीला पोट टेकलेली. दाराच्या मुठी काढून भोकं बुजवलेली, बॉनेटवरची बोधचिन्हं काढलेली, हेडलाइट पत्र्यात आत बसवलेले. यांचा वंश जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांकडे जातो. सॅमनं 1949 ची मर्क्युरी नवी कोरी असताना तिचा टप कापला. आप्पांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते फोनवर इतका वेळ गप्प बसले की मला वाटलं लाइन कट झाली. मग म्हणाले, “कर्ज काढून घेतली नव्हती ना?” 1952 मध्ये बनवलेली हिरोहाता मर्क म्हणून जी हिरवी गाडी प्रसिद्ध आहे ती याच भावांची, तिच्या दारांमधला खांबच काढून टाकलाय.

मला न पटलेली एक गोष्ट सांगतोच. काही गाड्यांवर गंज मुद्दाम आणलेला होता. पत्र्यावर मीठपाणी मारून गंजवायचं आणि वर पारदर्शक लॅकर. गिअरच्या दांड्याला कवटी. गंज ही आमच्या घरची वैरीण. पावसाळ्यात कोकणातून येणाऱ्या गाड्यांचे खालचे पत्रे सोलताना आप्पांचे हात फुटलेले मी बघितलेत. गंज विकत घेणाऱ्यांशी माझं जमणार नाही.

रविवारी सकाळी दाजींच्या ओळखीनं चीनोमधल्या एका घरगुती गॅरेजात गेलो. मालक सत्तरीपुढचे, मोजकं बोलणारे. कूपेच्या खांबाच्या वेल्डवर ते शिसं भरत होते. आपण जिथं लांबी भरतो तिथं जुने कारागीर शिसं भरायचे. शिशानं जड झालेल्या कस्टम गाडीला तिथं ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, म्हणतात ते त्यामुळंच.

आधी पत्रा घासून चकचकीत केला. मग फ्लक्स लावून टॉर्चनं तापवला, कथील मिसळलेली लापशी फासली, आणि फडक्यानं झटक्यात पुसली. करडा पत्रा एकदम चांदीसारखा उजळला. मी मोठ्यानं “कल्हई!” म्हणालो. दाजी दचकले. अहो, हुबेहूब तेच! आमच्या आजीच्या दारात कल्हईवाला भाता मारायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, कथलाची कांडी टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं पातेल्यात चांदणं फिरवायचा. पोमोनापासून हाकेच्या अंतरावर मला तो धूर आठवला. मालकांना फोनवर कल्हईचा व्हिडिओ शोधून दाखवला. त्यांनी टॉर्च बंद करून तो दोनदा पाहिला.

मग खरं काम. 70 भाग शिसं, 30 भाग कथील अशी कांडी. ही 183 अंशांना मऊ पडायला लागते आणि साधारण 250 च्या पुढं पाणी होऊन गळते. या दोन्हींच्या मधे ती लोण्यासारखी असते, आणि कारागिरी तेवढ्याच जागेत. चरबीत बुडवलेल्या लाकडी थापीनं ते लोणी उभ्या खांबावर वर चढवायचं. टॉर्च क्षणभर जास्त रेंगाळला की सगळं जमिनीवर. मालकांनी माझ्या हातात थापी दिली. माझं सगळं जमिनीवर गेलं. ते हसले नाहीत. खाली पडलेलं शिसं गोळा करून डब्यात टाकलं, आणि डबा अर्धा भरलेला होता. थंड झाल्यावर कानस मारायची, पेपर मारायचा नाही, कारण शिशाची धूळ छातीत गेली तर माणूस कामातून जातो.

मी विचारलं, कुठं किती कापायचं हे कसं ठरवता? त्यांनी गाडीच्या काचांवर बाहेरून चिकटपट्टी लावून दाखवली. आधी पट्टी लावून आठवडाभर येता-जाता बघायचं. सकाळी बघायचं, दिवे लावून बघायचं, रस्त्यापलीकडून बघायचं. आठवड्यानं पट्टी सरकवायची. करवत सगळ्यात शेवटी. या गाडीवर पट्टी चार महिने होती म्हणे.

आपल्याकडे हा छंद कागदावरच अडतो. आरसीवर जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी मूलतः वेगळी करता येत नाही, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. आरटीओसमोर तीन इंच कापलेला टप पासिंगला नेल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणून मी एकटाच हसलो.

सोमवारी एल मिराजला निघालो. याच कोरड्या तळ्यावर आजही वेगाच्या शर्यती होतात. त्याआधीचं म्युरॉकचं तळं युद्धकाळात लष्कराकडे गेलं. शर्यतींचा हंगाम उन्हाळ्याकडचा, हे ठाऊक होतं. मला नुसती ती जमीन बघायची होती. कहोन खिंड चढून वर आलो, अडेलांटो मागं टाकलं, आणि फाटकाला साखळी. आदल्या आठवड्यात पाऊस झालेला. तळं ओलं असलं की ते बंद करतात, नाहीतर चाकांच्या चाकोऱ्या वाळून दगड होतात. फाटकापलीकडं मैलोगणती सपाट, पिवळट जमीन आणि मधेच आकाश पडल्यासारखं पाण्याचं डबकं. दाजींनी थर्मास काढला. आम्ही बॉनेटवर बसून चहा प्यायलो.

तिथंच आप्पांचा व्हॉइस मेसेज आला. शुक्रवारच्या काळ्या कूपेचे फोटो मी पाठवले होते, त्यावर तीन दिवसांनी उत्तर. “बघितलं. पुढनं तीन इंच झकास दिसतंय. दाराच्या फटी पण सारख्या आहेत, हात चांगलाय पोराचा.” पोरगा म्हणजे सत्तरीचा असणार. “पण मागनं फोटो कुठाय? मागची काच पण कापलीया का मूळचीच ठेवलीया, ते बघितल्याशिवाय तीन का अडीच कसं सांगू?”

मी फोनमधले सगळे फोटो दोनदा चाळले. समोरून होते, दोन्ही बाजूंनी होते, इंजिनाचे अकरा होते. मागून एकही नव्हता. माझं विमान गुरुवारचं, आणि गाड्या जमतात शुक्रवारी.