तुम्ही विचारलंत म्हणून: लॉग लिहिणाराच थांबतो तेव्हा

"आरसिसलॉग मध्येच बंद पडतो. रीस्टार्ट केला की चालतो, दोन दिवसांनी पुन्हा तेच. काय करू?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आज जरा सविस्तर लिहितो. (आरसिसलॉग म्हणजे लिनक्सवर लॉग, म्हणजे सिस्टममधल्या घडामोडींच्या नोंदी, लिहिणारी सेवा.)

आधी एक विनंती. लगेच रीस्टार्ट करू नका, आणि मशीन रीबूट तर मुळीच नको. आरसिसलॉग का पडला याची नोंद जर्नलडी या नोंदी ठेवणाऱ्या दुसऱ्या सेवेकडे असते. पण व्हार-लॉग या फोल्डरखाली 'जर्नल' नावाची डिरेक्टरी नसेल, तर बहुतेक ठिकाणी ती नोंद फक्त मेमरीत राहते. रीबूट केलंत की साक्षीदारच गेला.

मग 'सिस्टमसीटीएल स्टेटस' ही कमांड चालवून सेवेची स्थिती बघा. 'इनॅक्टिव्ह' म्हणजे सेवा रीतसर थांबवली गेली. एखादी स्क्रिप्ट किंवा सहकारी शोधा. 'फेल्ड' असेल तर जर्नलडीची नोंद, म्हणजे जर्नल, खालून वर वाचत जा. 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' ही ओळ कारण सांगत नाही. सेवा चालू-बंद करणारा सिस्टमडी साधारणपणे 10 सेकंदांत 5 प्रयत्न करून थांबतो, एवढंच ती सांगते. खरं कारण तिच्या वर असतं. कॉन्फिगरेशनवर संशय असेल तर 'आरसिसलॉगडी -एन1' (एन कॅपिटल) चालवा. फाइल तपासली जाते, सेवेला धक्का लागत नाही.

माझ्याकडे मात्र सेवा 'ॲक्टिव्ह' दिसत होती आणि लॉगमध्ये तासतासभराची भगदाडं होती. जर्नलमध्ये सापडलं: 'स्टेटस=9, किल'. 9 क्रमांकाचा सिग्नल प्रोग्रामला अडवता येत नाही, त्यामुळे जाताना तो स्वतः काहीच लिहू शकत नाही. 'जर्नलसीटीएल -के' म्हटल्यावर कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, सांगितलं: 'आउट ऑफ मेमरी', मेमरी संपली. लॉग पाठवायचा मध्यवर्ती सर्व्हर बंद होता, न गेलेले संदेश मेमरीतल्या रांगेत साचत होते आणि त्या रांगेची मर्यादा मीच वाढवून ठेवली होती. मेमरी संपली की कर्नल आरसिसलॉगला मारायचा, सिस्टमडी पुन्हा उठवायचा, रांगेतले संदेश मात्र कायमचे जायचे. त्या संदेशांचं मला आजही वाईट वाटतं.

मग आरसिसलॉगच्या कॉन्फिगरेशनमध्ये रांगेला 'क्यू.फाइलनेम' दिलं, म्हणजे मेमरीत न मावणारे संदेश डिस्कवर जातात. डिस्कवरच्या जागेची मर्यादा म्हणून 'क्यू.मॅक्सडिस्कस्पेस'ही घातलं, नाहीतर उद्या डिस्क भरायची. (सेवा जिवंत असून फाइल वाढत नसेल, तर डिस्कवरची जागा दाखवणाऱ्या 'डीएफ'सोबत 'डीएफ -आय'ही बघा, कधी जागा असते, पण आयनोड, म्हणजे नव्या फाइलसाठी लागणाऱ्या नोंदी, संपलेले असतात.)

मग मध्यवर्ती सर्व्हरचं कनेक्शन मुद्दाम तोडलं, 'लॉगर' या कमांडने क्रमांक घातलेले संदेश रांग ओसंडेपर्यंत सोडले आणि कनेक्शन जोडून पलीकडे मोजले. एकही क्रमांक गळाला नव्हता.